वारसा आणि तिजोरी (भाग ५) : यादीबाहेरचे धोंडे

कारंजा घाडगेच्या परिसरात संत्र्याच्या बागांलगत धुऱ्यांवर दगडांच्या राशी दिसतात. बहुतेक राशी नांगरटीत निघालेल्या गोट्यांच्याच. पण विदर्भातल्या अशाच मुरमाड रानांत सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी माणसांनी आपले मृत पुरले आणि भोवती धोंडे गोल मांडून ठेवले. आपल्याच वर्धा जिल्ह्यात खैरवाड्याला अशी शिळावर्तुळं आहेत, डेक्कन कॉलेजने तिथे उत्खननही केलंय. रान सपाट करताना जेसीबीने गोलातले धोंडे उचलून धुऱ्यावर टाकले की ते थडगं होतं हे पुन्हा कुणाला सांगता येत नाही.

हा गोल राखायला सरकारी पैसा कुठल्या वाटेने येतो? राष्ट्रीय महत्त्वाची स्मारकं केंद्राकडे, १९५८च्या कायद्याखाली. बाकीची राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे, १९६०च्या कायद्याखाली. दोन्हीकडे आधी अधिसूचना लागते. नागपूरजवळच्या जुनापाणीची वर्तुळं केंद्राच्या यादीत आहेत, म्हणून त्यांच्यापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. अलीकडे जिल्हा वार्षिक योजनेतूनही गडकिल्ले, मंदिरं आणि संरक्षित स्मारकांसाठी ३ टक्के निधीची सोय झाली. फार चांगलं झालं. पण ज्या वर्तुळाची कुठे नोंदच नाही, त्याचा प्रस्ताव मांडणार कोण?

पिकासाठी सहायक कृषी अधिकारी आहे, जंगलासाठी वनरक्षक आहे. जुन्या वस्तीची पांढरी माती खणून शेतात पसरली जाते, तेव्हा त्यातली खापरं ओळखणारा पगारी माणूस मात्र तालुक्यात नाही. मला सगळ्यात जास्त सलतं ते हेच.

कायदा शेतकऱ्याकडून बरीच अपेक्षा ठेवतो. १८७८चा निखात निधी कायदा म्हणतो, जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही पुरलेलं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. सरकारने ती वस्तू घेतलीच, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मिळतो. तांब्याच्या एका नाण्यासाठी वर्ध्याला खेटे घालायचे आणि हाती चहापाण्याचेही पैसे पडायचे नाहीत! नाणं डब्यात राहिलं तर त्या माणसाला दोष देणं मला जमत नाही.

पवनारला विनोबांच्या आश्रमात जमीन खणताना मूर्ती निघाल्या आणि त्या आश्रमातच जपल्या गेल्या. पुढे १९६७ साली नागपूर विद्यापीठाने त्या गावात उत्खनन केलं. पण प्रत्येक शेतात विनोबा कुठून असणार?

इंग्लंडमध्ये १९९०पासून बांधकामाआधीच्या पुरातत्त्व तपासणीचा खर्च बांधणाऱ्याच्या माथी आला, आणि ती हवी की नको हे नियोजन अधिकाऱ्याला सांगायला स्थानिक पुरातत्त्वज्ञ असतो. आपल्याकडे सुरुवात त्याहून स्वस्तात होईल. तालुक्याला एक प्रशिक्षित सर्वेक्षक, त्याची दुचाकी, आणि तूर निघून रान मोकळं झाल्यावर नोंदी करत फिरायला तीन महिने. सोबत महसूल सेवक, म्हणजे पूर्वीचा कोतवाल, हवा, कारण कुठल्या गटात 'गोट्यांचा गोल' आहे हे त्याला ठाऊक असतं. ३ टक्क्यांतला पहिला रुपया मी या फेरीवर खर्च करीन.