सशाचे प्रतिपिंड आणि एलसी-३चे दोन पट्टे

पेशी आपलेच जीर्ण भाग पचवते, त्या क्रियेस ‘ऑटोफॅजी’ म्हणतात. मराठीत ‘स्वभक्षण’, शब्द कानाला जरा भयंकर वाटतो, पण अर्थ नेमका आहे. तिचा माग काढण्यासाठी एलसी-३ हे प्रथिन शोधतात. त्याचा अंश सशाला टोचला, की सशाच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. वेस्टर्न ब्लॉटवर ती दोन पट्टे दाखवतात : पहिले रूप सुमारे १६ किलोडाल्टनजवळ, दुसरे १४ जवळ. गंमत अशी, की दुसरे रूप मेदरेणू जोडलेले, म्हणजे वस्तुतः जड; तरी जेलमध्ये तेच पुढे धावते. हा पट्टा ठळक दिसला, की स्वभक्षण वाढले असे लिहून पुष्कळ विद्यार्थी मोकळे होतात. पचन तुंबले, तरी तो ठळकच होतो! म्हणून काही पेशींना बॅफिलोमायसिन देऊन पचन रोखावे व न दिलेल्यांशी ताडून पाहावे. औषधाने पट्टा आणखी गडद झाला, तर पचन आधी चालू होते असे समजावे.