पोते उचलण्याची घाई नको

वसईच्या होळी परिसरातील दुकानात गल्ल्यावर बसणारा मनुष्य प्रसंगी पोतेही उचलतो. अतिश्रमाने किंवा चिरडल्याने स्नायूंचे तंतू फुटण्याचा विकार, रॅब्डोमायोलिसिस, त्याने म्हणूनच जाणून घ्यावा. १९४१ मध्ये बायवॉटर्स व बील या डॉक्टरांनी लंडनच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्यांची मूत्रपिंडे पुढे निकामी झाल्याचे नोंदवले. फुटलेल्या स्नायूंतील मायोग्लोबिन रक्तावाटे मूत्रपिंडांत पोहोचते. लघवी चहासारखी काळपट होते ती त्यामुळेच.

आरंभीचे उपचार म्हणजे सलाइन आणि विश्रांती. चौविहार पाळणाऱ्याने ते डॉक्टरांना आधीच सांगावे, म्हणजे पुढे दिवसभरातील पाण्याचे माप त्यांना बसवता येते. रक्तातील क्रिएटिन कायनेज पुरेसे उतरल्यावर फिजिओथेरपिस्ट आधी सांध्यांच्या हलक्या हालचाली करवून घेतात, नंतर चालणे. वजन सर्वांत शेवटी. दुखणे थांबले की आपली माणसे गोदामाकडे वळतात. स्नायू मात्र तेव्हा पुरता भरून आलेला नसतो. ओझे उचलण्यापेक्षा ते सावकाश खाली ठेवताना आणि जिना चढण्यापेक्षा उतरताना तंतूंना अधिक इजा होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. व्यायामानंतर लघवी पुन्हा काळवंडली, तर व्यायाम तेथेच थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.