अंगावरचे अक्षर

यंदा दिवाळीला भाचा अमेरिकेहून आला. पुण्यातली पहाटेची थंडी ती केवढी! पण चिरंजीव अभ्यंगस्नान उरकून फराळाला बसले ते जाडजूड लोकरी स्वेटर घालूनच. गडद निळी लोकर, पुढे बटणे आणि छातीवर पंजाएवढे पांढरे 'बी' हे अक्षर.

मराठी शिकवणाऱ्याच्या नजरेतून अक्षर कसे सुटावे? मी विचारले, "हे 'बी' कसले रे? बी.ए.चे का?"

"ब्रुकलिनचे, मामा! तिथल्या जुन्या बेसबॉल संघाचे. शंभर वर्षांपूर्वी खेळाडू असले स्वेटर घालीत. हंगाम एप्रिलात सुरू होई, तेव्हा तिकडे चांगलाच गारठा असे. चेंडू फेकणाऱ्याचा हात आखडू नये म्हणून ही लोकर."

मामीने वीण उलटून पाहिली आणि ती यंत्रावरची असल्याचा निकाल देऊन टाकला.

मी थोडे वाचलेले होते, ते बाहेर काढले. १८६५ मध्ये हार्वर्डच्या बेसबॉल संघाने सदऱ्यावर 'एच' लावला. पुढे तिथे रिवाज पडला, की महत्त्वाच्या सामन्यांत जे खेळले त्यांनीच हंगामानंतर ते अक्षर जवळ ठेवायचे. बाकीच्यांनी परत करायचे. स्वेटरवर अक्षर आले ते त्यानंतर. "तेव्हा अक्षर मिळवावे लागे," मी म्हटले, "तू कोणता सामना खेळलास?"

"मी दुकानातून घेतला," तो हसला. मग जरा थांबून म्हणाला, "पण मामा, हा घालून पहिल्यांदा जिना उतरलो, तेव्हा खालच्या मजल्यावरचे आजोबा मला पाहून थबकले. त्यांनी या 'बी'वर बोट ठेवले. म्हणाले, 'जॅकीला मी खेळताना पाहिलंय.' आणि त्यांचे डोळे भरून आले."

हा जॅकी म्हणजे जॅकी रॉबिन्सन. वरिष्ठ संघांनी काळ्या खेळाडूंना वर्षानुवर्षे दार बंद ठेवले होते. १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनकडून मैदानात उतरून त्याने ते उघडले. १९५५ मध्ये ब्रुकलिनने जागतिक मालिका जिंकली. ती पहिली आणि शेवटची. १९५७ चा हंगाम संपला आणि मालकांनी संघ लॉस एंजेलिसला हलवला. १९६० मध्ये मैदानही पाडले. आजोबांच्या लहानपणातले उरले होते ते एवढे एक अक्षर.

अक्षर म्हणजे न झिजणारे, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. लोकरीला कसर लागते, संघ गाव सोडून जातो. पण ही व्युत्पत्ति अशी जिन्यात भेटेल, असे कधी वाटले नव्हते.

भाऊबिजेच्या पहाटे मी दूध आणायला निघालो. भाच्याने स्वेटर पुढे केला. मी म्हटले, "नको रे. वाटेत कुणी विचारले तर सगळी हकीकत सांगत बसावे लागेल."

दोन पायऱ्या उतरलो आणि परत फिरलो. म्हटले, "आण तो इकडे."