चित्राचाही सातबारा असतो!

मैत्रिणींनो, आपल्या रत्नागिरीहून गोव्याची सहल म्हणजे कार्यक्रम ठरलेला. मंगेशी, शांतादुर्गा, मग जुन्या गोव्यातलं बॉम जेझू चर्च. १६०५ सालापासून उभी असलेली ही वास्तू ‘बरोक’ शैलीतली. त्या काळात युरोपात काढलेली धार्मिक तैलचित्रंही तशीच नजर खिळवणारी. मागे गडद काळोख आणि त्यातून उजळून आलेले चेहरे! असं जुनं चित्र पाहिलं की आपण “किती सुंदर!” म्हणतो आणि पुढे जातो. पण हे कुणी काढून घेतलं, कुणाच्या घरात होतं, इथवर कसं आलं, असं कधी मनात येतं का?

जमिनीचा जसा सातबारा असतो, तसा चित्राचाही असतो. मालक बदलला की नवी नोंद. आणि गंमत म्हणजे, जमिनीच्या सातबाऱ्यावर बाईचं नाव शोधून सापडत नाही, पण काही चित्रांच्या सातबाऱ्यावर सगळ्यात मोलाची नोंद बाईच्याच नावाची आहे. अशाच एका बाईची ही गोष्ट.

गोव्यातल्या सांत इस्तेव बेटावर १९०२ साली आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकायला गेले खरे, पण जीव सगळा रंगांत. डॉक्टरकीला रामराम ठोकून ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि तिथून शांतिनिकेतनला. अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकून परतले, ते एक वेगळाच विचार घेऊन. येशू आणि मेरी आपल्या मातीतले का दिसू नयेत? त्यांच्या चित्रातली मेरी साडी नेसून आली, आपल्याच गावातली कुणी लेकुरवाळी असावी अशी!

गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य. तिथल्या चर्चमधल्या मंडळींना गोऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मेरीची सवय. साडीतली मेरी त्यांना रुचली नाही. टीका झाली. फोन्सेका गोवा सोडून पुण्याला आले आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रं काढत राहिले. १९५१ साली त्यांचं आयव्ही यांच्याशी लग्न झालं. पुढच्या कितीतरी चित्रांत मेरीला चेहरा मिळाला तो आयव्हींचा. पण संसार जेमतेम सोळा वर्षांचा. १९६७ च्या डिसेंबरात फोन्सेका गेले. मागे राहिल्या आयव्ही, त्यांची मुलगी आणि शेकडो चित्रं.

इथे जरा थांबा. ही चित्रं बहुतेक कागदावरची, जलरंगातली. कागदाला ओल चालत नाही, ऊन चालत नाही, कसर तर टपलेलीच असते. आपण कोकणातल्या बायका, एका पावसाळ्यात लग्नाचा अल्बम कसा चिकटून बसतो ते आपल्याला सांगायला नको. आयव्हींनी ही चित्रं एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, जवळजवळ चाळीस वर्षं सांभाळली! नवरा गेलेला, पदरात मूल. एकेक चित्र विकून टाकलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. पण एवढा मोठा संग्रह फुटला नाही. २००६ साली त्यांनी चारशेहून अधिक चित्रं पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राच्या स्वाधीन केली. ज्या गोव्याने चित्रकाराला ठेवून घेतलं नाही, त्याच गोव्यात त्याची मेरी मानाने परत आली. आज अभ्यास करणारी पोरं-पोरी तिथे जाऊन ती पाहू शकतात. चित्रकाराचं नाव मोठं झालंच, पण मधल्या चाळीस वर्षांची नोंद कुणाच्या नावावर करायची, सांगा बरं?

असंच एक उदाहरण सातासमुद्रापार आयर्लंडमधलं. कॅराव्हाज्यो हा बरोक काळातला फार मोठा इटालियन चित्रकार. येशूला पकडून नेतात त्या प्रसंगाचं तैलचित्र त्याने १६०२ साली रोममधल्या मात्तेई घराण्यासाठी काढलं. दोनशे वर्षांनी, १८०२ मध्ये, ते स्कॉटलंडच्या एका जमीनदाराला विकलं गेलं, तेही दुसऱ्याच चित्रकाराच्या नावावर! पुढे ते मेरी ली-विल्सन या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे आलं. त्यांच्या नवऱ्याची, तो पोलीस अधिकारी, १९२० साली गोळ्या घालून हत्या झाली होती. त्या दुःखात डब्लिनच्या जेझुइट पाद्र्यांनी आधार दिला, म्हणून बाईंनी ते चित्र त्यांना भेट दिलं. तिथे ते जेवणाच्या खोलीत टांगलेलं. १९९० मध्ये साफसफाईसाठी जाणकाराला दाखवलं, तेव्हा त्याला संशय आला, हा तर कॅराव्हाज्यो!

पण नुसत्या नजरेवर कोण विश्वास ठेवणार? पुरावा मिळाला तो कशात? मात्तेई घराण्याच्या जमाखर्चाच्या वह्यांत! चित्रकाराला किती पैसे दिले, याची नोंद तिथे होती. आणि या वह्या धुंडाळल्या होत्या इटलीतल्या दोन तरुण विद्यार्थिनींनी. १९९३ पासून ते चित्र डब्लिनच्या राष्ट्रीय कलादालनात लोकांसमोर आहे. दूधवाल्याच्या आणि किराण्याच्या वहीला हसणाऱ्या नवरेमंडळींना ही गोष्ट जरूर सांगा!

हे सगळं तुम्हाला का सांगतेय? आमच्या महिला मंडळाच्या कामासाठी मी आसपासच्या गावांत फिरते. मुलं मुंबईला, घरं बंद पडत चाललेली. एका घरी वाटणी झाली. कागदावर पितळेची घंगाळं, पाटा-वरवंटा, सगळं लिहिलेलं. माजघरातली लक्ष्मीची जुनी तसबीर मात्र कुणाच्याच यादीत नाही. ती भंगारवाल्याच्या टेम्पोत चढली, फ्रेमच्या लाकडाच्या भावात. घरातल्या आजी म्हणाल्या, “अगो, ती माझ्या माहेरची. लग्नात आईनं दिलेली. पन्नास वर्षं मीच पुसत आल्ये.” पण हे आजींखेरीज कुणाला ठाऊकच नव्हतं. विचारणार कोण आणि सांगणार कोण?

म्हणून एक सुचवते. या रविवारी घरातली जुनी तसबीर, चित्र, फोटो खाली उतरवा. ओला फडका लावू नका, कोरड्या मऊ कापडाने हलकेच पुसा. पाठीमागे एखादं लेबल, दुकानाचं नाव, साल दिसतंय का बघा. असेल तर ते काढू नका, तोच पुरावा. मग घरातल्या सगळ्यात वयस्क बाईला विचारा, ही कुठून आली, कुणी आणली. ती सांगेल ते वहीत लिहा, तारीख घाला आणि तिचं नावही लिहा. चिठ्ठी चित्राला चिकटवू नका, लिफाफ्यात घालून फ्रेमच्या मागे ठेवा. कुणी विकत घ्यायला आलं तर घाई नको. आणि शंभर वर्षांहून जुनं चित्र कुणालाही परस्पर परदेशी नेता येत नाही, १९७२ चा कायदा आहे त्यासाठी.

आपल्या घरात कॅराव्हाज्यो निघणार नाही, हे मलाही माहीत आहे. पण वस्तू जिने जपली तिचं नाव कुठेतरी लिहिलेलं असावं, एवढं तर आपल्या हातात आहे ना? त्याला तलाठ्याची सही लागत नाही. वही आणि पेन पुरे!