दुकान बुडाले, उमेदवार तरला

वाचकहो, अब्राहम लिंकन म्हणताच राष्ट्राध्यक्षाची मूर्ती आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु 1834 साली इलिनॉयच्या विधिमंडळासाठी मते मागत हिंडणाऱ्या पंचविशीच्या तरुणाला आपण मत दिले असते काय?

1832 च्या ब्लॅक हॉक युद्धात सोबत्यांनीच त्याला कप्तान निवडले होते. प्रत्यक्ष लढाई त्याच्या वाट्यास आली नाही. रक्तपात झाला तो डासांशी, असे पुढे त्यानेच थट्टेने सांगितले. त्याच वर्षी तो निवडणूक हरला. मात्र न्यू सेलम या आपल्या गावी सुमारे 300 पैकी 277 मते त्याला मिळाली! मग बेरी नामक भागीदाराबरोबर उधारीवर दुकान थाटले, तेही बुडाले. व्यापार त्याचा पिंडच नव्हता.

पुन्हा उभा राहिला तेव्हा कापणीचे गडी म्हणाले, ‘काम येत असेल तरच मत.’ लिंकनने लांब दांड्याचा विळा उचलला आणि सर्वांच्या पुढे कापीत गेला, अशी आठवण एका परिचिताने सांगितली आहे. तेरा उमेदवारांत त्याचा क्रमांक दुसरा लागला.

राजधानी व्हँडॅलियास जाण्याजोगे कपडे नव्हते. त्यासाठी पैसे उसने घ्यावे लागले. 1835 मध्ये बेरी वारला, तेव्हा त्याच्या वाट्याचे कर्जही लिंकनने शिरावर घेतले. ते फिटण्यास कित्येक वर्षे लागली.