म्हाळसा, बानू आणि हाथोर: देवांची नाती सांगायची कशी?

ज्यांना ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी आजचा भाग नेहमीसारखा लिहून ठेवतोय.

प्रश्न सोपा वाटतो. अमुक देव तमुक देवीचा कोण लागतो? मोबाइलवर शोधलं की लगेच वंशावळीचा तक्ता समोर येतो. इजिप्तच्या देवांचे असे तक्ते तर ढिगाने सापडतात: ओसायरिस आणि आयसिस नवरा-बायको, होरस त्यांचा मुलगा, सेत हा होरसचा काका. झालं, स्क्रीनशॉट काढला, पाठवला.

पण तक्ता फार वेळ टिकत नाही. होरस आणि सेत यांच्या भांडणाची एक जुनी इजिप्ती गोष्ट पपायरसवर मिळाली आहे. त्या एकाच गोष्टीत सेत कधी होरसचा काका असतो, तर कधी भाऊ. लिहिणाऱ्याची ही चूक नाही. दोन वेगळ्या परंपरा एकत्र आल्या आणि कुणाला त्यातली एक खोडावीशी वाटली नाही. हाथोरचं तर आणखी गमतीशीर. तिच्या नावाचाच अर्थ 'होरसचं घर', त्यामुळे ती त्याची आई मानली गेली. पण एदफूच्या देवळात तीच होरसची बायको! आपण वाचतो ती ओसायरिसची सलग, नीटनेटकी गोष्ट मुळात प्लूटार्क नावाच्या ग्रीक लेखकाने सांगितलेली आहे. इजिप्तच्या स्वतःच्या लिखाणात ती तुकड्यातुकड्यांनीच येते.

आता हे आपल्याला विचित्र वाटायचं काही कारण नाही. जळकोटहून हायवेने सोलापूरकडे निघालं की आधी नळदुर्ग लागतं, मग अणदूर. या दोन गावांत मिळून खंडोबाची एकच मूर्ती आहे. वर्षातला बराच काळ देव अणदूरला असतो आणि पौष पौर्णिमेच्या यात्रेच्या सुमारास नळदुर्गाच्या मैलारपुरात. देव न्यायचा-आणायचा तर दोन्हीकडचे मानकरी लेखी करारही करतात. मग देव कुठल्या गावचा? दोन्ही. तक्त्यात मात्र एकच चौकट असते.

खंडोबाच्या बायकांकडे बघा. म्हाळसा ही नेवाशाच्या तिम्मशेठची, लिंगायत वाण्याची मुलगी. बानू, म्हणजे बाणाई, चंदनपुरीची धनगराची लेक. सारीपाटात म्हाळसेकडून हरल्यावर खंडोबा बारा वर्षं घर सोडून गेला आणि वेष बदलून बानूच्या बापाकडे मेंढरं राखायला राहिला. जागरणात या गोष्टीला काय रंग चढतो ते ज्याने ऐकलंय त्यालाच माहीत. शिवाय शिंपी, माळी अशा घरांतल्या बायकाही खंडोबाला आहेत असं सांगतात.

पोथीच्या वळणाने सांगायचं तर खंडोबा म्हणजे शंकर, म्हाळसा म्हणजे पार्वती, बानू म्हणजे गंगा. चूक आहे का? नाही. पण तेवढंच सांगितलं की धनगराची लेक कुठे गेली? बानूमुळे धनगर खंडोबाला आपला जावई समजतात. तिला 'दुसरी', 'ठेवलेली' असं कुणी सहज लिहून टाकलं, तर ते एका माणसाने एका देवीबद्दल लिहिलेलं राहत नाही. एका सबंध समाजाचा देवाशी असलेला मानच खाली येतो. जेजुरीला म्हाळसा गडावर देवाजवळ आहे आणि बानूचं देऊळ निम्म्या वाटेवर. त्यावरून सवतींची भांडणंही रंगवून सांगतात. पण पायऱ्या चढणारा माणूस तिथे थांबतो, भंडारा उधळतो आणि मगच वर जातो.

हाच देव कर्नाटकात मैलार, तेलंगणात मल्लण्णा. कोमुरवेल्लीच्या मल्लण्णालाही दोन बायका, मेडलम्मा आणि केतम्मा, आणि त्यातली केतम्मा गोल्ला, म्हणजे गुरं-मेंढरं राखणाऱ्यांची. नावं बदलली, पण सोयरीक तशीच राहिली. माझ्या मते ही नाती रक्ताची कमी आणि सोयरिकीची जास्त आहेत. कुठला समाज, कुठलं गाव देवाशी जोडलं गेलं, ते त्यांतून कळतं.

इजिप्तमध्येही थीब्जला आमुन, मूत आणि खोन्सू असं आई-बाप-मुलाचं कुटुंब होतं, तर मेम्फिसला प्ताह, सेखमेत आणि नेफरतेम असं दुसरंच. आमुन आणि रा हे दोन देव तर 'आमुन-रा' असे जोडूनच घेतले जात, आणि तरी दोघांची वेगळी देवळंही चालू राहत. आपला मार्तंड-भैरव आठवा. त्यात सूर्य आहे, भैरवही आहे, म्हणून कोणी दोघांपैकी एकाला रद्द करत नाही.

आणि हाथोर? दरवर्षी तिची मूर्ती देंदेरातून नावेत बसून नाईल नदीने एदफूला होरसकडे जायची. चौदा दिवसांचा उत्सव व्हायचा, मग ती परत आपल्या घरी. आपल्याकडे तुळजाभवानीचं माहेर बुऱ्हाणनगर, आणि दसऱ्याला पालखी येते तीही तिथूनच. माहेर, सासर, ठाणं, सोयरीक, मान हे शब्द आपल्याकडे आधीच आहेत, आणि हाथोरचा तो प्रवास 'पत्नी' या एका शब्दापेक्षा यांतून जास्त नीट सांगता येतो.

म्हणून पुढच्या वेळी ग्रुपवर कुणी विचारलं, की हाथोर होरसची आई की बायको, तर एका शब्दात उत्तर देऊ नका. 'नावाच्या अर्थाने आई, एदफूच्या उत्सवात बायको,' असं सांगा. बानूबद्दल कुणी विचारलं तर: 'पोथीत गंगा, जागरणात धनगराची लेक, आणि धनगरवाड्यात घरचीच.'