फेफरे, गोळी आणि तिसरी पाळी



फेफरे, मिरगी, आकडी, फीट. एकाच दुखण्याला आपल्या भागात इतकी नावे आहेत, आणि त्यातले एकही नाव माणूस स्वतःच्या घराबाबत मोठ्याने उच्चारीत नाही. मधुमेह झाला तर चारचौघांत त्याची चर्चा चालते. पोराला फीट आली की आधी दार लावून घेतात. मी डॉक्टर नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली; पुढचे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत बसून, आणि न समजलेले डॉक्टरांच्या मागे लागून समजून घेतले. परंतु कामगारांत वावरताना या दुखण्यापायी नोकरी कशी जाते, लग्न कसे मोडते आणि प्रसंगी जीवही कसा जातो हे मी पाहिले आहे. म्हणून चालकांनी विषय विचारला तेव्हा मी हाच सांगितला.

आधी दुखणे काय ते पाहू. मेंदूतील पेशी एकमेकींशी विजेच्या अतिसूक्ष्म प्रवाहाने बोलत असतात. कारखान्यात ज्या त्या खात्याचे यंत्र आपापल्या वेळी चालते. कुणी सगळे खटके एकदम दाबले तर जो गोंधळ होईल, तसाच गोंधळ फीट येताना मेंदूत होतो. सगळा मेंदू त्यात सापडला तर माणूस कोसळतो, अंग ताठते, हातपाय झडतात, तोंडाला फेस येतो. एखाद्याच कोपऱ्यात गडबड झाली तर तो नुसता टक लावून पाहतो, ओठ चाटतो, सदऱ्याची गुंडी चाचपतो आणि मिनिटभराने भानावर येतो. याला आपल्याकडे 'बाहेरचे' म्हणतात. काही मुलांचे भान चारदोन सेकंदच हरपते, आणि मास्तर त्यांना 'लक्ष नाही' म्हणून उभे करतात. मेंदूतील हा प्रवाह जर्मनीतील हान्स बर्गर या डॉक्टराने १९२४ साली प्रथम माणसाच्या डोक्यावरून टिपला. आपल्या चरकसंहितेत तर 'अपस्मार' म्हणून याचा स्वतंत्र अध्याय आहे. स्मृती दूर जाणे असा त्या शब्दाचा अर्थ. तेव्हा हे वैद्यकाचे काम आहे, हे आपल्या लोकांना पूर्वीच ठाऊक होते. मधल्या काळात आपण ते देवऋषाकडे सोपवले.

कारणे अनेक आहेत: बाळंतपणात मूल गुदमरणे, डोक्याला मार, मेंदूज्वर, पक्षाघात. कित्येकदा कारण सापडतही नाही. पण एक कारण आपल्या बागायती मुलखाने ध्यानात ठेवावे. डुकराच्या मांसातून होणाऱ्या पट्टकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून मातीत, पाण्यात, तिथून कच्च्या भाजीवर जातात. ती पोटात गेली की अळी रक्तावाटे मेंदूत पोचते आणि तिथे गाठ करून बसते. म्हणजे ज्याने जन्मात मांस खाल्ले नाही अशा माळकऱ्यालाही यातून फीट येऊ शकते. कोथिंबीर, मुळा, गाजर स्वच्छ पाण्याने चोळून धुणे आणि फडाच्या कडेला शौचास न बसणे, हा फिटवरचा उपचारच समजा.

आता समोर माणूस पडला तर काय करावयाचे? आपल्याकडे कांदा फोडतात, चप्पल हुंगवतात, मुठीत किल्ल्यांचा जुडगा देतात. फीट बहुधा दोनतीन मिनिटांत आपली आपण थांबते आणि श्रेय चपलेला मिळते! खरे करावयाचे ते एवढेच. आधी घड्याळ पाहा. विळा, दगड, चूल, जे लागण्यासारखे असेल ते दूर करा. डोक्याखाली दुमडलेला टॉवेल ठेवा, गळ्याशी आवळलेले सैल करा आणि झटके ओसरताच त्याला कुशीवर वळवा, म्हणजे लाळ श्वासनळीत जाणार नाही. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. दात तुटतात, पाणी फुप्फुसात जाते. झटके पाच मिनिटांच्या वर गेले, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरी फीट आली, तर गाडी बोलवा. गरोदर बाई असेल, पाण्यात फीट आली असेल, डोक्याला मार लागला असेल किंवा ही आयुष्यातली पहिलीच फीट असेल, तरीही दवाखान्यात नेलेच पाहिजे. बारामतीला २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. आता ऊठसूट पुणे गाठावे लागत नाही. नाकात फवारायचे मिडाझोलाम हे औषध डॉक्टर घरी ठेवायला देतात. ते कोणी आणि केव्हा द्यायचे हे घरातल्या दोघांनी तरी शिकून घ्यावे.

औषधांची हकीकत मला नेहमी मोठी वाटते. १८५७ साली लंडनमध्ये ब्रोमाइड वापरात आले, १९१२ साली फिनोबार्बिटोन, १९३८ साली फेनिटॉइन; पुढे कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट आणि अलीकडचे लेव्हेटिरासिटाम. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात सुमारे ५ कोटी लोकांना हे दुखणे आहे, आणि योग्य औषध मिळाले तर शंभरातल्या सत्तरांच्या फिटा थांबू शकतात. मग आपल्याकडे त्या का थांबत नाहीत? गोळी मिळत नाही म्हणून थोड्या. गोळी चुकते म्हणून फार. सहा महिने फीट आली नाही की 'बरा झाला' म्हणून गोळी बंद होते, आणि एकदम बंद केलेली गोळी सर्वांत भयंकर फीट आणते. अशी की एकीला लागून एक येत राहते. निदान दोन वर्षे फीट नसेल तर बंद करण्याचा विचार डॉक्टर करतात, तोही पायरीपायरीने.

गोळीचेही गुणदोष असतात. फेनिटॉइनने हिरड्या सुजतात, म्हणून दात नीट घासावेत. त्याची मात्रा थोडी जादा झाली तरी माणूस झोकांड्या देतो, जीभ जड होते. एका कारखान्यात अशाच कामगाराला पहारेकऱ्याने दारूडा समजून फाटकाबाहेर काढले आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या हाती आरोपपत्र पडले. आम्ही डॉक्टरांचा दाखला पुढे केला, तेव्हा ते मागे घेतले गेले. पण आठ दिवसांची मजुरी गेली ती गेलीच. कोणतीही नवी गोळी घेताना अंगावर पुरळ उठले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. क्षयाची औषधे आणि फिटेची औषधे एकमेकांत ढवळाढवळ करतात. तेव्हा दोन्ही डॉक्टरांना दोन्ही चिठ्ठ्या दाखवा. यांतल्या काही गोळ्यांमुळे पाळणा लांबवण्याची गोळी निकामी होते. व्हॅल्प्रोएटने पोटातल्या गर्भाला अपाय होऊ शकतो, म्हणून मूल हवे असलेल्या बाईने आधीच विचारावे. मनाने मात्र गोळी सोडू नये.

जागरण हा या रोग्याचा वैरी. म्हणून तिसरी पाळी. आमच्याकडे असा माणूस आला की आम्ही पहिली मागणी करतो ती रात्रपाळीतून वगळण्याची; दुसरी, उंचीवरचे, भट्टीजवळचे आणि उघड्या पट्ट्याजवळचे काम बदलून देण्याची. भांडारात, वजनकाट्यावर, टपालात त्याला बसवता येते. पण त्यासाठी त्याने आजार सांगितला पाहिजे, आणि सांगितला तर नोकरी जाईल ही धास्ती. ती धास्ती खोटी आहे असे मी म्हणत नाही. वाहन चालवण्याच्या परवान्याच्या अर्जात हा रोग आहे काय असे सरळ विचारलेले असते. ट्रॅक्टरवर पोट असलेला माणूस तिथे काय लिहील ते तुम्हीच ताडा. त्याला दुसरे काम देणे हे त्याला शिक्षा करण्याहून स्वस्त पडते, हे मी दरसाल मालकांना सांगतो.

ऊसतोडणी मजुराची तऱ्हा आणखी निराळी. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या फडांवर बीड-अहिल्यानगरकडून कोयते येतात. पहाटे दोनला गाडी भरायची, म्हणजे झोप नाही. गोळ्यांची चिठ्ठी गावाकडच्या दवाखान्याची, म्हणजे इथे गोळी नाही. १९४८ च्या राज्य विमा कायद्याने साखर कारखाना 'हंगामी' ठरवून योजनेतून वगळला, आणि तोडणी मजूर तर कारखान्याचा नोकरही धरला जात नाही. उचल देताना मुकादम नावे लिहून घेतो. त्याच वेळी टोळीत कोणाला फीट येते आणि कोणती गोळी चालू आहे हे लिहून घेतले, आणि नाव सांगितले म्हणून उचल कापणार नाही असे ठरले, तर पुष्कळ होईल. चिठ्ठीचा फोटो मोबाइलात असावा. निघताना निदान महिन्याची गोळी गाठीला असावी. कालव्यावर धुण्याला, विहिरीवर पाण्याला अशा बाईने एकटीने जाऊ नये. या घरात चूल आडोशाने केलेली बरी.

लग्नाचे म्हणाल तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारे फेफरे ही लग्नाला अडचण मानली होती. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला. कायद्याने काढला, सोयरिकीच्या बैठकीतून तो अजून निघायचा आहे. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी 'संवेदना' हा अपस्मार असलेल्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा स्वमदत गट उभा केला, तो याच अबोल्यावर इलाज म्हणून.

कंपवाताविषयी थोडेच सांगतो, कारण तो साठीकडे झुकलेल्या सभासदांत दिसतो. त्यात लेव्होडोपाची गोळी घड्याळाच्या काट्यावर, जेवणाआधी अर्धा तास द्यावी लागते. तासभर उशीर झाला तर माणूस खिळल्यासारखा होतो, तो आळस नव्हे. घास बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, सावकाश भरवावा. आणि चक्कर किंवा उलटीवर दुकानातून परस्पर आणलेल्या काही गोळ्यांनी, सिनारिझिन व मेटोक्लोप्रमाइड त्यांतल्याच, हा कंप वाढतो, क्वचित नव्यानेही सुरू होतो. तेव्हा म्हाताऱ्याचा हात थरथरू लागला तर आधी त्याची औषधांची पिशवी डॉक्टरांपुढे रिकामी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कंपवाताचे नाव आहे. सरकारी नोकरीत असताना असे अपंगत्व आले तर त्या माणसाला काढता येत नाही की खालच्या हुद्द्यावर टाकता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरे द्यावे लागते. खाजगी कारखान्यातल्या माणसाला हे संरक्षण अजून लढून मिळवायचे आहे.